लाल रंगातली रुई

गाडीला रंग देणाऱ्याला कोणी लक्षात ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे. काम नीट झालं तर गाडी कधी ठोकलीच नव्हती असं वाटतं. मग रंगवणाऱ्याची आठवण यायची कशाला? माझं सारं आयुष्य यवतमाळात असं मागे काही न ठेवण्यात गेलं. लोक मला सलीम पेंटर म्हणतात. पेंटर म्हटलं की बाहेरगावचे लोक विचारतात, चित्रं कुठं लावलीत? मी गाड्यांचा पत्रा सरळ करतो आणि रंग देतो. म्हणजे देत होतो. थिनरने छाती धरली आणि डॉक्टरांनी माझ्या हातातली गन काढून घेतली. रंग उडवायची गन, वाचकांनी घाबरू नये.

घाबरू नये म्हणण्याचं कारण असं की संपादकांनी मला मोटारचोरांवर लिहायला सांगितलं आहे. "तुमच्याकडे मोटारी चोरण्याचा, पाठलागाचा सिनेमा झाला, त्यात तुम्ही होता म्हणे," असं ते फोनवर म्हणाले. मी त्या सिनेमात नव्हतो. माझा रंग होता. तो धावला, धुळीने माखला, आणि त्यातला तिसरा हिस्सा खदानीत पडून चक्काचूर झाला. त्याचीच हकीकत सांगतो, पण आधी माझं गॅरेज दाखवतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

गॅरेज कळंब रोडला, एका जिनिंगच्या भिंतीला लागून. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना. दिवाळी उलटली की कापसाच्या गाड्यांची रांग लागायची आणि मग उन्हाळा लागेपर्यंत आमच्या हवेत रुई असायची. बारीक बारीक तंतू. उन्हाची तिरीप आली तर दिसायचे, एरवी नाही. ते धड पडायचे नाहीत आणि धड उडायचेही नाहीत, कुठे जायची घाई नसलेल्या माणसासारखे हवेतून चालत राहायचे. दुपारी जेवून खाटेवर आडवा झालो की मी ते बघत असे. त्यातलं किती जागेपणी पाहिलं आणि किती झोपेत, हे मला आजही सांगता येणार नाही.

या सुंदर गोष्टीपेक्षा मोठा दुश्मन माझ्या धंद्याला नव्हता. ओल्या रंगावर एक तंतू येऊन बसला की सगळी मेहनत पाण्यात. आम्ही त्याला 'कचरा बसला' म्हणतो आणि ज्याच्या कामात कचरा बसतो त्याला चार कारागीर हसतात. म्हणून मी बायकोच्या, शमीमच्या, जुन्या साड्या ओल्या करून गाडीच्या चारी बाजूंनी टांगायचो आणि जमिनीवर पाणी मारायचो. रुई साडीला चिकटायची, गाडी वाचायची. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटायचं, आत कोणाची तरी अंघोळ चालली आहे.

काम मी उमरखेडच्या एका उस्तादाकडे शिकलो. पत्रा आतून ठोकून सरळ करायचा, खड्डा उरला तर लांबी, म्हणजे पुटी, भरायची, ती वाळली की पाणी आणि पॉलिश पेपर घेऊन घासत बसायचं. घासून झालं की डोळे मिटून तळहात फिरवायचा. डोळ्यांना जे दिसत नाही ते हाताला लागतं. मग प्रायमर, मग रंगाचे हात. उस्तादाचा एक नियम होता, रंगावर रंग द्यायचा नाही. आधीचा रंग पार पत्र्यापर्यंत उतरवायचा. ते म्हणायचे, "बेटा, नीचे का झूठ एक दिन ऊपर आके बोलता है." आणि दुसरा नियम, रंग आतूनही द्यायचा. दाराच्या कडा, डिकीचं पोट, जिथे गिऱ्हाईक कधी बघणार नाही तिथेसुद्धा.

या दुसऱ्या नियमामुळेच मला एक खरा मोटारचोर भेटला. एक दिवस सकाळी एक माणूस पांढरी जीप घेऊन आला, बोलायला गोड, अंगाला अत्तर. म्हणाला, संध्याकाळपर्यंत काळी करून द्या. मी विचारलं, आतून कोणता काळा देऊ? तो म्हणाला, "आतून कायले? बाहेरूनच द्या ना."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. मालक माणूस रंगाच्या पैशावरून भांडतो, वेळेवरून भांडतो, पण आतून नको असं कधी म्हणत नाही. गाडी त्याची असते, दार तो रोज उघडणार असतो. बाहेरूनच रंग ज्याला हवा त्याला ती फक्त रस्त्यावरून ओळखू यायला नको असते. मी म्हटलं, रंग वाळायला वेळ लागतो, तोवर कळंबला जाऊन चिंतामणीचं दर्शन करून या, आलात तसे बसून काय करता. तो खरंच गेला. पोलिसांनी त्याला देवळाबाहेर धरलं तेव्हा त्याच्या हातात प्रसाद होता. जाता जाता तो मला म्हणाला, "दर्शन चांगलं झालं भाऊ, पन तुमी बरोबर नाई केलं." मला आजही कधी कधी वाटतं, प्रसाद तरी खाऊन होऊ द्यायला हवा होता.

ही गोष्ट चहाच्या टपरीवर फिरत फिरत एका सिनेमावाल्याच्या कानावर गेली आणि तो मला शोधत आला. तरुण डायरेक्टर, अंगाने काडी, आवाज असा हळू की जणू झोपेतून उठून नुकताच बोलायला लागला आहे. दोन भाऊ मोटारी चोरतात, त्यांची एक लाल गाडी, मागे पोलीस, मागे आणखी चोर, आणि सगळा पळापळीचा मामला, अशी त्याची गोष्ट होती. गाडी त्याला जुन्या धाटणीची हवी होती, चौकोनी, बुटकी, आता रस्त्यावर दिसत नाही तशी. आणि एक नाही, तीन.

"तीन कशाला?" मी विचारलं.

"एक नटांची तोंडं दाखवायला, एक पळवायला, एक मोडायला," तो म्हणाला. "पडद्यावर मात्र एकच दिसली पाहिजे. जमेल?"

मी हो म्हटलं. माझ्या हातून तीन गाड्या अशा सारख्या होतील की आईला आपलं लेकरू ओळखू येऊ नये, असंही म्हटलं. आपण बोलून जातो आणि वरचा ऐकत असतो.

दोन गाड्या नागपूरच्या भंगारातून आल्या. तिसरी काही मिळेना. ती कुठे आहे हे मला ठाऊक होतं. बाभुळगावला भगत सरांच्या अंगणात, शेडखाली.

भगत सर शाळेत मास्तर होते. त्यांचे वडील जिनिंगमध्ये मजुरी करायचे. त्या घराने दीक्षा घेतली, मुलगा शिकला, मास्तर झाला आणि वस्तीतली पहिली मोटार त्याने आणली. आणली तेव्हा ती राखाडी होती. ते थेट माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सलीम, निळी कर. आभाळासारखी नाही, त्याच्याहून थोडी गडद." मी डब्यात रंग मिसळत गेलो आणि ते बाजूला उभे राहून "अजून थोडी, अजून थोडी" म्हणत राहिले. तो निळा मी पुन्हा कोणाच्या गाडीला दिला नाही. सर ती गाडी इतकी हळू चालवायचे की सायकलवाले पुढे जायचे. लीलावहिनी, त्यांच्या मिसेस, शेजारच्या सीटवर बसून चिडायच्या. "बैलबंडी पुढं गेली, दिसली का तुमाले?" सर म्हणायचे, "पोचतो ना?" पोचायचेही. सर गेल्यापासून गाडी उभीच होती. मुलगी पुण्याला, वहिनी एकट्या.

डायरेक्टरला घेऊन मी बाभुळगावला गेलो. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि मग मलाच विचारलं, त्याच्याकडे न बघता.

"सलीमभाऊ, मोडाची तर नाई ना?"

"तुमची मोडायची नाही, वहिनी. मोडायची वेगळी आहे."

"आन् लाल करून राह्यले म्हनता. पुन्हा निळी कोन करंन?"

"मी करीन. तोच निळा."

त्या थोडा वेळ शेडकडे बघत बसल्या. मग डायरेक्टरकडे वळून म्हणाल्या, "भाडं काय द्याचं ते द्या. पन माही एक अट हाय. काम झाल्यावर मले त्या गाडीत बसवून एकदा जोरात फिरवा लागते. सिनेमात पयते तशी. सरायनं जन्मभर मले तिसाच्या वर नेलं नाई."

डायरेक्टर हसला नाही, याचं मला बरं वाटलं. त्याने मान खाली घालून "नक्की" म्हटलं. अशा रीतीने ती गाडी माझ्या शब्दावर त्या अंगणातून बाहेर पडली. वहिनींकडे सरांचं म्हणावं असं ते एवढंच होतं, आणि ते मी घेऊन चाललो होतो.

कापसाचे दिवस होते. जिनिंग जोरात. मी तिन्ही गाड्या पत्र्यापर्यंत उतरवल्या. सरांच्या गाडीवर खुणा पुष्कळ होत्या. मडगार्डावर बैलाच्या शिंगाचा खड्डा, दाराखाली शाळेच्या फाटकाचा ओरखडा, डिकीवर पोरांनी खिळ्याने काढलेलं पाचाच्या पाढ्यातलं गणित. सगळं मी पुसलं. इतकं सफाईने पुसलं की माझाच मला अभिमान वाटला. तिन्ही गाड्यांच्या सीटांना सारखं काळं रेक्झिन चढलं, पाट्यांवर एकच नंबर. आतून, बाहेरून, डिकीच्या पोटातसुद्धा लाल. उस्ताद असते तर पाठीवर हात ठेवला असता.

सरांची गाडी मी शेवटी घेतली. शेवटचा हात मारून गन खाली ठेवली, साड्यांच्या आत उभा राहून बघत होतो, तेवढ्यात वहिनी आल्या. लाल बघायला आल्या होत्या. थिनरच्या वासाने नाकाला पदर लावून त्या ओल्या साड्यांतून वाकून आत आल्या आणि त्यांच्यामागून, साडी बाजूला झाली तेवढ्या फटीतून, एक तंतू आत आला. मी त्याला येताना पाहिलं. फुंकर मारावी तर रंग बिघडेल, हात घालावा तर अजून बिघडेल. तो आरामात आला आणि डावीकडच्या दाराच्या वर, टपाच्या कडेला, अर्धा गोल होऊन बसला. रंगाने त्याला लगेच धरलं.

मी शिवी गिळली. म्हटलं, "वाळू द्या, पेपर मारून काढतो."

वहिनी जवळ जाऊन बघत होत्या. "रुई हाय ना?"

"कचरा आहे, वहिनी."

"असू द्या." मग म्हणाल्या, "मामंजी जिनिंगमधून घरी येत तं डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. सर लहान होते, ते त्यायच्या केसातली रुई येचत बसत. लग्न होऊन मी आली तवा सरायनं मले हेच सांगितलं पह्यल्यांदा. असू द्या, सलीमभाऊ. कोनाले दिसते?"

मला दिसणार होतं. पुढे कधी तरी, त्या नसताना, गुपचूप काढून टाकू असं मी मनात ठरवलं. दुसऱ्याच दिवशी सिनेमावाले गाड्या घेऊन गेले आणि ते राहून गेलं.

शूटिंग कळंबकडच्या एका जुन्या रस्त्यावर होतं. मोठा रस्ता झाल्यापासून तो पडून होता, दोन्ही बाजूंनी पळस आणि मध्ये उखडलेलं डांबर. मला गाड्यांचा रंग सांभाळायला ठेवलं होतं, म्हणजे दिवसभर फडकं घेऊन बसायचं. पहिल्या दिवशी मी जीव मुठीत धरून बसलो होतो की आता गाड्या वाऱ्यासारख्या येतील. आणि आल्या त्या अशा की सरांनीसुद्धा ओव्हरटेक केलं असतं. मी गाडी पळवणाऱ्या माणसाला विचारलं. दादू नाव त्याचं, मुका वाटावा इतका अबोल.

"असंच असतं चाचा," तो म्हणाला. "हळू चालवायचं, कॅमेरा त्याला जोरात करतो. खरंच जोरात चालवली तर पडद्यावर काहीच दिसत नाही."

मग मी रोज तेच बघत बसलो. थंडीतली सकाळ, पळसांवर धुकं, आणि त्यातून एक लाल गाडी अगदी सावकाश येते, तिच्यामागे पोलिसांची गाडी सावकाश येते, आतली माणसं जिवाच्या आकांताने ओरडतात आणि एवढ्या वेळात एखादी शेळी निवांत रस्ता ओलांडून जाते. पुन्हा करा म्हणायचे, की गाड्या मागे जायच्या आणि धुक्यातून पुन्हा यायच्या. कधी ही, कधी ती. एक तापून बंद पडली की दुसरी. लाल, लाल, लाल. दुपारी झाडाखाली माझा डोळा लागायचा आणि झोपेतही तीच गाडी यायची, पण निळी, आणि सर हात वर करून जायचे. जागा झालो की समोर लाल गाडी असायची आणि मला क्षणभर कळायचं नाही की कोणती बाजू खरी.

शेवटच्या दिवशी गाडी मोडायची होती. गिट्टीच्या जुन्या खदानीच्या काठावर उतार केला होता. आत माणूस नाही, गाडी वरून सोडायची, ती खाली जाऊन आपटणार. पुन्हा करता येणार नव्हतं, आणि मावळतीचा तांबडा उजेड हवा होता म्हणून सगळे उन्हाकडे बघत बसले होते. वहिनींना मी सकाळीच बोलावून घेतलं होतं. मोडामोडी झाली की त्यांची फेरी ठरली होती. त्या खुर्चीवर बसल्या होत्या, ठेवणीतली साडी नेसून, मांडीवर पर्स.

एक गाडी दोराने ओढून उतारावर चढवली. दोन गाड्या मागे झाडाखाली उभ्या. वहिनींनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"त्यातली आपली कोनती?"

मी झाडाकडे हात केला आणि हात तसाच राहिला. मला माहीत नव्हतं. गाड्या नेणारा-आणणारा प्रॉडक्शनचा माणूस उभा होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, जी जवळ होती ती चढवली, सगळ्या सारख्याच तर आहेत. दादूला विचारलं. त्याने मान हलवली, गेल्या चार दिवसांत तो तिन्हीत बसला होता. तिन्हींवर एकसारखी धूळ. पत्र्यावर ठोकलेला नंबर बघावा तर ज्या कागदाशी ताडून बघायचा तो बाभुळगावला कुलपात. रंग खरवडून खालचा निळा शोधावा तर खाली निळा मी ठेवलाच नव्हता. खड्डा नाही, ओरखडा नाही, पोरांचं गणित नाही. जे काही त्या गाडीचं म्हणून होतं ते मीच पुसलं होतं, आणि वर त्याचा अभिमान मिरवला होता.

वहिनी उठून आल्या होत्या. त्या एकेका गाडीजवळ गेल्या, काचेतून आत वाकल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"मले तर तिन्ही सारख्याच दिसून राह्यल्या, सलीमभाऊ. जन्म गेला माहा या गाडीत. मले काहून ओळखू येऊन नाई राह्यली?"

त्या बोलण्याने मला इतकी शरम वाटली की सांगता येत नाही. आणि त्या शरमेतच मला तो तंतू आठवला. मी डायरेक्टरकडे गेलो. त्याने एकदा उन्हाकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे, आणि म्हणाला, "चाचा, उजेड जातोय. लवकर बघा."

मी पाण्याने हात धुतले, पुसले आणि झाडाखालच्या पहिल्या गाडीकडे गेलो. टपाच्या डाव्या कडेवरची धूळ फडक्याने काढली, डोळे मिटले आणि तळहात फिरवला. काच फिकी पडावी असा गुळगुळीत. माझंच काम. दुसऱ्या गाडीकडे गेलो. तीही तशीच. दोन्ही वेळा हात सहज घसरत गेला. मग उतारावर चढलो. माणसांनी दोर धरून ठेवला होता. गाडीचं तोंड खदानीकडे होतं आणि समोर नुसतं तांबडं आभाळ. मी डोळे मिटून हात ठेवला आणि सरकवला, आणि दाराच्या वर, वहिनींचं डोकं यायचं त्या जागी, बोटाखाली तो आला. अर्धा गोल, केसाएवढा.

"ही आहे," मी म्हणालो. कोणाला ऐकू गेलं नसावं. मी पुन्हा म्हणालो, "वहिनी, ही आहे."

त्यांनी गाडी खाली घेतली. झाडाखालची एक वर चढवली. सूर्य अजून क्षितिजावर टेकलेला होता. दोर सुटला आणि ती लाल गाडी उतारावरून निघाली, आणि काठावरून गेल्यावर किती तरी वेळ ती हवेतच आहे असं मला वाटलं. वहिनींनी माझी बाही घट्ट धरली होती.

"आपली नाई ना?"

"नाही."

खालून आवाज आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाजवता आल्या नाहीत. ती गाडीही मीच घासली होती. जिच्यात काडीचा दोष नव्हता ती खाली गेली आणि कचरा बसलेली वाचली. उस्तादांना हे कसं समजावलं असतं, मी अजून विचार करतो आहे.

मग वहिनींची फेरी. दादूने टायर तपासले, प्रत्येक टायरला हात लावून तो छातीला लावला, तो गाडी पळवायच्या आधी नेहमी असंच करायचा. वहिनी पुढे डावीकडे बसल्या, मी मागे. यावेळी कॅमेरा नव्हता, तेव्हा जोरात म्हणजे खरंच जोरात. जुना रस्ता संपून मोकळा पट्टा लागला आणि दादूने गाडी सोडली. खिडक्या थरथरल्या, वारा ओरडायला लागला, पळसाची झाडं एकमेकांत मिसळून एक तपकिरी भिंत झाली. मी कलमा म्हणत होतो. वहिनींचा पदर उडून मागे माझ्या तोंडावर आला, तरी त्यांनी तो ओढून घेतला नाही. ताठ बसून समोर बघत होत्या, पोरीसारख्या.

मग त्यांनी दादूच्या हाताला हात लावला.

"आता हळू घ्या, भाऊ. सरायसारखी."

दादूने वेग उतरवला. झाडं पुन्हा एकेक झाली. परत येताना आम्ही चालत्या माणसाबरोबर होतो म्हटलं तरी चालेल. वहिनी काच खाली करून बघत होत्या आणि सांगत होत्या, या वावरात सरांचा एक विद्यार्थी राहतो, त्या विहिरीवर एकदा गाडीत पाणी घातलं होतं, इथे थांबून सर बोरं वेचायचे. एक सायकलवाला घंटी वाजवत आम्हाला मागे टाकून गेला.

"गेला पाहा," वहिनी म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "मी उगीच भांडत होती त्यायच्याशी."

डायरेक्टरने गाडी परत केली, पण लालच ठेवा म्हणाला, एखादा तुकडा पुन्हा घ्यावा लागला तर. त्यामुळे वर्षभर ती बाभुळगावच्या शेडखाली लालभडक उभी होती आणि लोक वहिनींना विचारायचे, नवरी केव्हा येऊन राह्यली? वहिनी मला फोन करून एवढंच विचारायच्या, "निळी केव्हा?"

सिनेमा पुढच्या वर्षी आला. आमच्याकडे थिएटरला लागला नाही. वहिनींच्या मुलीने टीव्हीवर लावून दिला तो आम्ही त्यांच्याकडे बसून पाहिला. जे मी दिवसच्या दिवस बसून पाहिलं होतं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत गेलं. गाड्या अशा पळत होत्या की शेळीसुद्धा दिसली नाही. खदानीचं दृश्य आलं तेव्हा वहिनींनी ठाऊक असूनही माझी बाही धरली. शेवटी पाट्या वर सरकत गेल्या, बारीक अक्षरात शेकडो नावं. माझं होतं की नाही ते कळलं नाही. शमीम म्हणते होतं. तिला चष्मा लागतो.

त्याच हंगामात गाडी माझ्याकडे आली. डॉक्टरांनी बजावलं होतं तरी एक शेवटची म्हणून तोंडाला फडकं बांधून मी गन हातात घेतली. लाल पत्र्यापर्यंत उतरवला. टपाच्या कडेला पेपर चालवताना हात जड झाला, पण नियम तो नियम. तंतू लाल पाण्याबरोबर वाहून गेला. डब्यात निळा मिसळायला बसलो. कोणी "अजून थोडी" म्हणायला नव्हतं, ते मीच मनात म्हणत राहिलो आणि एका ठिकाणी थांबलो. तोच निळा होता.

शेवटच्या हाताच्या दिवशी शमीमने साड्या बादलीत भिजवून ठेवल्या होत्या. मी डावीकडची साडी टांगली नाही. जिनिंग चालू होतं, ऊन तिरपं आलं होतं, आणि मी गन खाली ठेवून बराच वेळ नुसता उभा राहिलो.

वहिनी गाडी न्यायला आल्या. भोवती एक चक्कर मारली. मग डाव्या दाराशी थांबून त्यांनी डोळे मिटले आणि टपाच्या कडेवरून हात फिरवला, मी खदानीवर फिरवला होता तसा. हात एका जागी थांबला.

"सलीमभाऊ," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "कचरा राह्यला इथं."

"असू द्या, वहिनी," मी म्हणालो. "कोणाला दिसतो?"